सीमारेषा आणि सीमेवरची माणसे

(उंद्री, जि. बुलढाणा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ब्रिटनने युरोपीय संघ सोडला, त्यातून आयर्लंडच्या सीमेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि त्यावर वर्षानुवर्षे वाटाघाटी झाल्या. या साऱ्याचा उंद्रीच्या शेतकऱ्याशी काय संबंध? कापसाचा भाव, सोयाबीनची खरेदी, पाणी हे आपले नित्याचे प्रश्न सोडून आपण आयर्लंडच्या वेशीवर कशाला जावे?

संबंध आहे आणि तो जवळचा आहे. उंद्री हे गाव जागचे हललेले नाही. परंतु त्याच्याभोवतीच्या रेषा गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा हलल्या आहेत. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. १९०३ साली ते मध्यप्रांताला जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर आपण मध्य प्रदेशात होतो, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो. या काळातील बहुतेक वर्षे येथून जालन्याकडे जाणाऱ्या माणसाला वाटेत दुसरे राज्य लागत असे. तेथील नाणे हाली सिक्का. त्याचे सात रुपये म्हणजे आपले सहा. तेथे करोडगिरीचे नाके होते आणि दरबारची भाषा वेगळी होती. नाक्याच्या दोन्ही बाजूंचा शेतकरी मात्र मराठीच बोलत होता, कापूस दोन्हीकडे पिकत होता आणि सोयरिकीही दोन्हीकडे होत्या. १९४७-४८ साली रझाकारांच्या दहशतीने माणसे घरदार सोडून वऱ्हाडात आली, तेव्हा ती सरहद्द जीवनमरणाची रेषा बनली होती.

ती रेषा आज कोठे आहे? बुलढाणा आणि जालना या दोन जिल्ह्यांची हद्द म्हणून ती नकाशावर आहेच. पण तिचे ओझे आज कोणाच्याही खांद्यावर नाही. जालन्याच्या बाजारात जाताना कोणी आपले गाठोडे सोडून पाहत नाही की आपली भाषा विचारत नाही. रेषा पुसली गेली नाही. तिचे वजन तेवढे गेले. मला आज जे सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच आहे. सीमेचा प्रश्न केवळ रेषा कोठे ओढावी हे ठरवून सुटत नाही. त्या रेषेचे जे ओझे सामान्य माणसावर पडते ते उतरविल्याने तो सुटू लागतो. आयर्लंडचा इतिहास याची साक्ष देतो. बेळगाव-कारवारच्या प्रश्नाकडेही आपण या दृष्टीने पाहावयास हवे.

आयर्लंडची फाळणी

१९२० च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने आयर्लंडचे दोन भाग केले. ईशान्येकडील सहा परगण्यांत ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या प्रॉटेस्टंट पंथीयांचे बहुमत होते, तो उत्तर आयर्लंड झाला आणि ब्रिटनमध्येच राहिला. उरलेला देश पुढे स्वतंत्र झाला. या सहा परगण्यांतही सीमेलगतच्या पुष्कळ गावांतून कॅथलिक बहुसंख्य होते आणि त्यांना दक्षिणेत जावयाचे होते. म्हणून १९२१ च्या तहात सीमा आयोगाची तरतूद झाली. रहिवाशांची इच्छा पाहावी, मात्र आर्थिक व भौगोलिक परिस्थितीशी ती जुळेल तेवढीच मानावी, असे आयोगाला सांगण्यात आले होते. न्यायमूर्ती फीदम हे त्याचे अध्यक्ष. १९२५ च्या नोव्हेंबरात त्यांच्या अहवालातील तपशील वृत्तपत्रात फुटला. फार थोडा प्रदेश इकडचा तिकडे होणार आणि दक्षिणेलाही आपला काही भाग सोडावा लागणार, हे दिसताच गदारोळ उडाला. डिसेंबरात तिन्ही सरकारांनी करार करून अहवाल दडपून टाकला, सीमा होती तशीच ठेवली आणि त्या बदल्यात दक्षिणेच्या माथ्यावरील ब्रिटिश कर्जाचा वाटा माफ झाला. तो अहवाल प्रसिद्ध व्हावयास १९६९ साल उजाडले. सीमेवरच्या गावकऱ्याच्या इच्छेची किंमत त्या करारात काय धरली गेली, हे आपणच पाहावे.

पुढील इतिहास रक्ताने भरलेला आहे. १९२३ पासून सीमेवर जकातीचे नाके बसले होतेच. उत्तरेतील कॅथलिक अल्पसंख्याकांना घरे, नोकऱ्या, मतदान या सर्व बाबतींत पक्षपात सोसावा लागला. १९६८ च्या सुमारास नागरी हक्कांची चळवळ सुरू झाली, ती दडपली गेली आणि पुढील तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. सीमेवर लष्कराचे मनोरे उभे राहिले, खेड्यांना जोडणारे शेकडो लहान रस्ते बंद केले गेले.

हे थांबले ते १० एप्रिल १९९८ च्या कराराने. गुड फ्रायडेच्या दिवशी झालेल्या या कराराने सीमा एक इंचही हलविली नाही. त्याने तीन गोष्टी केल्या. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाला स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणविण्याचा हक्क दिला. उत्तर व दक्षिण यांची संयुक्त मंत्रिपरिषद स्थापून जलमार्ग, अन्नसुरक्षा यांसारखी कामे एकत्र चालविण्याची सोय केली. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दक्षिण आयर्लंडने सार्वमत घेऊन आपल्या राज्यघटनेतील संपूर्ण बेटावरचा हक्काचा दावा काढला आणि त्या जागी ऐक्याची आकांक्षा नोंदविली. हे ऐक्य दोन्हीकडील जनतेच्या संमतीनेच व्हावे असे लिहिले. दक्षिणेत सुमारे ९४ टक्के आणि उत्तरेत ७१ टक्के मतदारांनी करार मान्य केला. युरोपची सामायिक बाजारपेठ १९९३ पासून अस्तित्वात आल्याने जकातनाके त्याआधीच उठले होते. आता लष्करी मनोरेही उतरले. सुमारे पाचशे किलोमीटरची ही सीमा ओलांडल्याचे प्रवाशाला रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या म्हणजेच कळू लागले.

ब्रेक्झिटचे कोडे

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी ५२ विरुद्ध ४८ अशा टक्केवारीने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. उत्तर आयर्लंडने मात्र जवळपास ५६ टक्क्यांनी संघात राहण्याच्या बाजूने मत दिले होते. प्रचाराच्या धुमाळीत आयर्लंडच्या सीमेचा विचार फारसा कोणी केला नव्हता. निकाल लागला आणि मग कोडे समोर आले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे कोडे सोपे आहे. ब्रिटनच्या राज्यकर्त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या. युरोपची सामायिक बाजारपेठ आणि जकात-संघ सोडावयाचा होता. आयर्लंड बेटावर नाके नको होते. आणि उत्तर आयर्लंड व उर्वरित ब्रिटन यांच्यामध्येही नाके नको होते. यांतील कोणत्याही दोन गोष्टी मिळतात, तिन्ही एकदम मिळत नाहीत. जेथे दोन निरनिराळे जकातीचे आणि मालाच्या प्रतीचे कायदे एकमेकांना भिडतात तेथे कोठे तरी तपासणी करावीच लागते. उत्तरेतील दुधाचा मोठा हिस्सा प्रक्रियेसाठी दक्षिणेत जातो. उद्या त्यावर जकात बसली, प्रत्येक टँकरमागे कागद तपासावे लागले, तर पहिला फटका कोणाला? सहकारी डेअरीला दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला. सार्वभौमत्वाची घोषणा राजधानीत होते आणि तिची जकात सीमेवरचा माणूस भरतो.

पंतप्रधान थेरेसा मे यांचे सरकार २०१७ नंतर उत्तर आयर्लंडमधील डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या दहा खासदारांच्या पाठिंब्यावर उभे होते. ४ डिसेंबर २०१७ रोजी ब्रुसेल्समध्ये तडजोड होत आली असता या पक्षाच्या विरोधामुळे ती अडली व चार दिवसांनी सुधारून घ्यावी लागली. २०१८ च्या नोव्हेंबरात करार झाला. अन्य उपाय सापडेपर्यंत सारा ब्रिटन युरोपशी एका जकात-क्षेत्रात राहील, अशी हमी त्यात होती. १५ जानेवारी २०१९ रोजी पार्लमेंटने तो करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. आणखी दोनदा फेटाळला गेल्यावर मे यांना पायउतार व्हावे लागले.

त्यांच्या जागी बोरिस जॉन्सन आले. त्यांच्याशी ज्या आयरिश पंतप्रधानांनी १० ऑक्टोबर २०१९ रोजी लिव्हरपूलजवळ भेटून वाट काढली, त्यांचे नाव लिओ वराडकर. आडनावावरून आपण ओळखले असेल. त्यांचे वडील मालवण तालुक्यातील वराड गावचे. डॉक्टर म्हणून परदेशी गेले आणि आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. २०१९ च्या डिसेंबरात वराडकर सहकुटुंब आपल्या मूळ गावी येऊन गेले. एका स्थलांतरिताचा मुलगा त्या देशाचा पंतप्रधान होतो, आणि इकडे आपल्याकडे परप्रांतीय या शब्दावर निवडणुका लढविल्या जातात, एवढे नुसते नोंदवून पुढे जातो. वाटाघाटीत वराडकरांचे म्हणणे प्रथमपासून एकच होते: बेटावर पुन्हा नाके नकोत. पन्नास लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या या देशामागे युरोपीय संघातील सर्व राष्ट्रे अखेरपर्यंत उभी राहिली, म्हणून ब्रिटनसारख्या बलाढ्य शेजाऱ्याला त्याचे ऐकावे लागले.

जी तडजोड झाली तिने तपासणी आयर्लंडच्या भूमीवरून उचलून समुद्रावर, म्हणजे ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामधील बंदरांवर नेली. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले. अर्थात या तडजोडीने ब्रिटननिष्ठांना दुखावले. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांच्या पक्षाने तेथील संयुक्त मंत्रिमंडळ सोडले. २७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर करारान्वये उत्तर आयर्लंडमध्येच विकल्या जाणाऱ्या मालासाठी तपासणी सैल झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळ पुन्हा उभे राहिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथील विधानसभेने ही व्यवस्था पुढे चालू ठेवण्यास ४८ विरुद्ध ३६ मतांनी संमती दिली. कोणाचेही पूर्ण समाधान झालेले नाही; परंतु सीमेवर नाके उभे राहिले नाहीत.

बेळगावचा प्रश्न

आता आपल्या घराकडे वळू. राज्य पुनर्रचनेच्या वेळी बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा मराठी भाषकांच्या मोठ्या वस्तीचा प्रदेश म्हैसूर राज्यात गेला. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला. तो दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. पुढे याच महाराष्ट्रातील ह. वि. पाटसकर यांनी आंध्र व मद्रास यांच्यातील तंटा खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही तत्त्वे लावून सोडविला आणि १९५९ मध्ये संसदेने तसा कायदा केला. जे तेथे झाले ते येथे करा, ही महाराष्ट्राची मागणी न्याय्य होती व आहे.

परंतु झाले काय? सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ च्या ऑक्टोबरात माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. १९६७ मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर येथील २४७ गावे म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर आहे तेथेच ठेवावे, अशी त्याची शिफारस. महाराष्ट्राने तो नाकारला, म्हैसूरने उचलून धरला आणि अहवाल कपाटात गेला. फीदम आयोगाची आठवण येथे कोणालाही होईल. बॅ. नाथ पै यांनी हा प्रश्न संसदेत आणि जनतेत अखंड मांडला. १९७१ च्या हुतात्मा दिनाच्या सभेनंतर दुसऱ्याच दिवशी, १८ जानेवारीस, बेळगावातच त्यांचे निधन झाले. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झाले, पुन्हा माणसे मेली. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन दशके उलटून गेली, दावा पडून आहे.

या अवधीत काय घडते आहे? २०२२ च्या डिसेंबरात बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, इकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलाविले. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी दावे करू नयेत, दोन्हीकडील तीन तीन मंत्र्यांनी चर्चा करावी असे ठरले. पंधरवडा उलटण्याच्या आत आपल्या विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला, कर्नाटकानेही तसाच उलट ठराव केला होता. २०२५ च्या फेब्रुवारीत बसमधील भाषेच्या भांडणावरून पुन्हा एस.टी. बंद. एस.टी. बंद पडली म्हणजे मंत्र्याचा प्रवास थांबत नाही. दवाखान्यात निघालेली म्हातारी आणि कॉलेजात निघालेला मुलगा थांबतो.

जतची गोष्ट याहून बोधप्रद आहे. सांगली जिल्ह्याच्या त्या तालुक्यातील सुमारे चाळीस गावांचा उल्लेख कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी २०२२ मध्ये केला, तो तेथील ग्रामपंचायतींनी पूर्वी केलेल्या ठरावांच्या आधारे. ते ठराव भाषेपायी झाले नव्हते, पाण्यापायी झाले होते. त्यानंतर म्हैसाळच्या विस्तारित योजनेला गती आली. कोरडवाहू वऱ्हाडातील आपल्याला जतच्या शेतकऱ्याचे मन वेगळे समजावून सांगावे लागू नये. पाणी देणारे राज्य त्याला आपले वाटते.

आपण काय मागावे

कोणी म्हणेल, प्राध्यापक महाशय, तुम्ही दावा सोडावयास सांगता. मी तसे मुळीच सांगत नाही. न्यायालयातील दावा चालूच राहिला पाहिजे, इतकेच नव्हे तर तो तातडीने सुनावणीस यावा म्हणून महाराष्ट्र सरकारवर आणि केंद्रावर दडपण आणले पाहिजे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे, तेव्हा केंद्राला या प्रश्नात हात झटकता येणार नाहीत. आयर्लंडनेही ऐक्याची आकांक्षा टाकून दिलेली नाही. पण निकाल लागेपर्यंत सीमेवरच्या माणसाने कुजत राहावे, हे मात्र त्याने मानले नाही. आपणही मानता कामा नये.

म्हणून तीन मागण्या आपण लावून धराव्यात. पहिली, भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांची. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे घटनेचा ३५० अ हा अनुच्छेद सांगतो. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असली तरी शिक्षक द्यावा, जेथे अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत काढाव्यात, असे राष्ट्रीय पातळीवर केव्हाच मान्य झाले आहे. बेळगावच्या मराठी शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचा उतारा त्याला वाचता येईल अशा भाषेत मिळाला पाहिजे. हाच हक्क जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर येथील कन्नड भाषकालाही आहे. तेथील कन्नड शाळेला शिक्षक आणि पुस्तके वेळेवर मिळतात की नाही हे पाहणे आपले काम आहे. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीसक्तीविरुद्ध महाराष्ट्र उभा राहिला आणि २९ जूनला सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले. सक्ती आपल्यावर झाली म्हणजे अन्याय आणि आपण केली म्हणजे अस्मिता, असा दुटप्पीपणा समाजवादी कार्यकर्त्याला शोभत नाही.

दुसरी मागणी संयुक्त परिषदेची. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या आणि सीमातंटे, भाषिक अल्पसंख्याक व आंतरराज्य वाहतूक हे विषय त्यांच्याकडे सोपविले. आरंभी मुंबई व म्हैसूर ही राज्ये एकाच पश्चिम परिषदेत होती. आज महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. ज्या दोन शेजाऱ्यांनी सर्वाधिक बोलावयास हवे ते वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. कृष्णेचा महापूर सांगली-कोल्हापूरला बुडवितो तेव्हा अलमट्टीच्या विसर्गाचा प्रश्न येतो, दवाखाने, एस.टी., शाळा यांचे प्रश्न तर रोजचे. या कामांसाठी दोन राज्यांची कायम संयुक्त परिषद हवी आणि तीत सीमाभागातील निवडून आलेले प्रतिनिधी हवेत.

तिसरी गोष्ट आपण सरकारकडे मागावयाची नाही, स्वतः करावयाची आहे. निपाणीचा विडी कामगार, खानापूरचा शेतमजूर, जतचा कोरडवाहू शेतकरी यांची संघटना भाषेच्या रेषेवर मोडता कामा नये. मालकाच्या हिशेबाच्या वहीत मराठी मजुरी आणि कन्नड मजुरी असे दोन रकाने नसतात.

आयर्लंडमध्ये दोन सार्वभौम राष्ट्रे होती, धर्मपंथांचे जुने वैर होते, हजारोंचे रक्त सांडले होते. तरीही वाट निघाली. आपण तर एकाच राज्यघटनेखाली नांदतो. आपल्या दोन राज्यांमध्ये जकात नाही, नाणे एक आहे, आणि १ जुलै २०१७ पासून विक्रीकराचे नाकेही राहिलेले नाहीत. अवघड होते ते तेथे झाले. त्या मानाने सोपे आहे ते येथे होत नाही, याला भूगोल जबाबदार नाही आणि भाषाही नाही. हा प्रश्न पेटता ठेवण्यात ज्यांचा लाभ आहे ते राजकारण जबाबदार आहे. निजामाच्या सरहद्दीचे ओझे ज्या जिल्ह्याच्या खांद्यावरून उतरले, त्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट महाराष्ट्राला ठणकावून सांगावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.